मानेची दुखापत : रुग्णालयातील पहिली घटका

(नभोवाणीवरील भाषण)

मराठीत ‘मान’ या एकाच शब्दाने दोन गोष्टींचा बोध होतो. एक शरीराचा अवयव आणि दुसरी माणसाची प्रतिष्ठा. भाषेने घातलेली ही सांगड शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही निराधार नाही. वीतभरही लांब नसलेल्या या अवयवातून श्वास जातो, अन्न जाते, मेंदूला रक्त पोहोचते आणि मेंदूच्या आज्ञा हातापायांपर्यंत उतरतात. मेंदूला कवटीचे कवच आहे, हृदयाला बरगड्यांचा पिंजरा आहे. मानेच्या पुढच्या बाजूला मात्र कातडी आणि तिच्याखालचा स्नायूचा एक पातळ पडदा यांखेरीज फारसे संरक्षण नाही. त्यामुळे मानेवरची जखम दिसायला बोटभर असली, तरी तिची खोली प्राणापर्यंत पोहोचलेली असू शकते. उलट, बाहेर ओरखडाही नसताना आत मणका मोडलेला असू शकतो. अशा रुग्णाचे भवितव्य पुष्कळदा पहिल्या घटकेत, म्हणजे पहिल्या वीसपंचवीस मिनिटांतच ठरते.

या दुखापती कोठे होतात? संक्रांतीच्या सुमारास बडोद्यातील गच्च्या माणसांनी फुलून जातात. हैदराबाद, इंदूर, नागपूर येथेही पतंग आकाशात डोलू लागतात. त्यांतील काहींच्या खाली नायलॉनचा मांजा असतो. हा धागा सुती दोऱ्यासारखा सहज तुटत नाही. दुचाकीवरून वेगाने चाललेल्या माणसाच्या गळ्याशी तो आडवा आला, की करवतीसारखा चालतो. राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी नायलॉनच्या व इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली; तथापि मांजाने गळा चिरल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून अजून नाहीशा झालेल्या नाहीत. सणाचा हा एक प्रसंग झाला. पण गोव्यात माडावरून पडलेला पाडेली, मळणीयंत्रात पदर अडकलेली शेतकरी स्त्री, उथळ विहिरीत सूर मारणारा मुलगा, मोटारीच्या टकरीत सापडलेला प्रवासी, न्हाणीघरात घसरून पडलेले वृद्ध गृहस्थ, हे सारे वर्षभर रुग्णालयांच्या दारी येतच असतात. त्या सर्वांच्या बाबतीत प्रश्न मानेचाच असतो.

या दुखापतींचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात धारदार वस्तू, काच, मांजा किंवा बंदुकीची गोळी यांनी मान चिरली वा भेदली जाते. येथे धोका रक्तवाहिन्या, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांना असतो. दुसऱ्या प्रकारात मानेला हिसका, दाब किंवा मुरड बसते आणि तेथे मुख्य चिंता मणक्यांची व त्यांच्या पोकळीतून जाणाऱ्या मज्जारज्जूची असते. पुष्कळदा हे दोन्ही प्रकार एकाच देहात एकत्र येतात. मांजाने गळा कापलेला स्वार वाहनावरून खालीही पडतो. त्याची जखम पुढून दिसते. मोडलेला मणका मागे दडलेला असतो. असाच एक रुग्ण कल्पनेने डोळ्यांपुढे ठेवला, तर रुग्णालयातील उपचारांचा क्रम समजणे सोपे जाईल.

हा विषय नवा नाही. एडविन स्मिथ नावाच्या गृहस्थाने 1862 साली इजिप्तमधील लक्सर येथे एक पुरातन पपायरस विकत घेतला. जेम्स हेन्री ब्रेस्टेड या पंडिताने त्याचे भाषांतर 1930 साली प्रसिद्ध केले, तेव्हा तो सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा शल्यचिकित्सेवरील ग्रंथ असल्याचे जगाला कळले. त्यात 48 रुग्णांची वर्णने मस्तकापासून खाली या क्रमाने दिलेली आहेत. गळ्याला भोक पडलेला एक रुग्ण त्यात आहे. त्याने प्यालेले पाणी जखमेतून बाहेर येते. त्या वैद्याने त्याची जखम शिवण्यास सांगितले आहे. दुसऱ्या एका रुग्णाच्या मानेचा मणका निखळलेला आहे, त्याला हातपायांचे भान नाही, मूत्रावर ताबा नाही. त्याच्यावर उपचार करू नयेत, असा निर्णय तेथे नोंदलेला आहे. मज्जारज्जूच्या दुखापतीविषयीची ही निराशा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत फारशी ओसरली नव्हती. तेव्हा आज जे शक्य झाले आहे, ते किती अलीकडचे आणि किती श्रमाने मिळवलेले आहे, याची कल्पना यावी.

अमेरिकेतील जेम्स स्टायनर या अस्थिशल्यवैद्याचे लहान विमान 1976 साली नेब्रास्का राज्यात कोसळले. त्यात त्याची पत्नी मृत्यू पावली आणि मुले गंभीर जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मिळालेल्या उपचारांत त्याला कोणतीही शिस्त आढळली नाही. त्या अनुभवातून अपघातग्रस्तांच्या तातडीच्या उपचारांचा एक ठराविक क्रम आखण्यात आला आणि 1978 साली त्याचे पहिले शिक्षणवर्ग झाले. पुढे हा क्रम जगभर पसरला. त्याचे सूत्र साधे आहे : जी गोष्ट रुग्णाला आधी मारील, तिच्यावर आधी उपाय करावा. प्रथम श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, आणि त्यानंतर मज्जासंस्थेची तपासणी. रक्ताची चिळकांडी उडत असेल, तर ती अर्थात त्याच क्षणी दाबून धरावयाची. या सर्व काळात मान मात्र हलू द्यावयाची नाही.

आपल्या कल्पित रुग्णाला रुग्णालयात आणले, की एक परिचारक त्याच्या डोक्याशी उभा राहतो आणि दोन्ही तळहातांनी डोके दोन्ही बाजूंनी स्थिर धरतो. दुसरा जखमेवर बोटांनी थेट दाब देतो. वैद्य रुग्णाला नाव विचारतो. हा प्रश्न केवळ नोंदवहीसाठी नसतो. रुग्णाने स्पष्ट आवाजात उत्तर दिले, तर त्याचा श्वासमार्ग त्या क्षणी मोकळा आहे आणि मेंदूला रक्त पोहोचत आहे, असे दोन निष्कर्ष निघतात. आवाज घोगरा असेल, श्वास घेताना शिट्टीसारखा ध्वनी येत असेल, जखमेतून हवेचे बुडबुडे निघत असतील किंवा कातडीखाली हवा शिरून ती दाबताच कुरकुरत असेल, तर स्वरयंत्राला वा श्वासनलिकेला इजा झाली आहे असे समजावे लागते. मानेत साचणारे रक्त श्वासनलिकेला बाजूला ढकलते आणि सूज वाढत जाते. दहा मिनिटांपूर्वी जेथून नळी सहज गेली असती, तेथे नंतर मार्गच सापडत नाही. म्हणून अनुभवी भूलतज्ज्ञ वाट पाहत बसत नाहीत; श्वासनलिकेत नळी वेळीच घालतात. ती घालताना दुसरा माणूस मान स्थिर धरून ठेवतो. तोंडावाटे मार्ग मिळालाच नाही, तर कंठमण्याच्या खाली दोन कूर्चांमधल्या पातळ पडद्याला छेद देऊन नळी घालतात. श्वासनलिका जखमेतच उघडी पडलेली असेल, तर त्या उघड्या तोंडातूनही नळी घालता येते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गळा चिरलेला परंतु शुद्धीवर असलेला रुग्ण पुष्कळदा पुढे वाकून बसण्याची धडपड करतो. रक्त श्वासमार्गात न जाता बाहेर पडावे, यासाठी त्याच्या शरीरानेच शोधलेला तो उपाय असतो. अशा वेळी त्याला बळेच उताणे निजवले, तर तो गुदमरू शकतो. नियम रुग्णासाठी असतात. रुग्ण नियमांसाठी नसतो.

रक्तस्राव थांबवण्याचे पहिले साधन म्हणजे माणसाचे बोट. जखमेत आंधळेपणाने चिमटे घालणे धोक्याचे असते, कारण रोहिणीच्या शेजारीच महत्त्वाच्या मज्जा असतात. जखम आत कोठवर गेली आहे हे पाहण्यासाठी सळई घालून चाचपणे तितकेच घातक. जमलेली रक्ताची गुठळी निघून रक्त पुन्हा उसळू शकते. घुसलेली काच किंवा पाते शस्त्रक्रियागृहात पोहोचेपर्यंत उपटावयाचे नसते. बोटाने रक्त आवरत नसेल, तर मूत्रमार्गासाठी वापरतात ती फुग्याची रबरी नळी जखमेत सरकवून तिचा फुगा पाण्याने फुगवतात आणि आतून दाब देतात. दक्षिण आफ्रिकेतील शल्यवैद्यांनी भोसकलेल्या रुग्णांवर हा उपाय यशस्वीपणे वापरून दाखवला. मोठी नीला कापली गेली असेल, तर रक्त बाहेर येण्याबरोबर हवा आत खेचली जाण्याचेही भय असते. म्हणून जखम घट्ट झाकून डोक्याकडची बाजू किंचित खाली करतात, अर्थात रुग्णाच्या श्वासाला त्याने बाधा येत नसेल तरच.

यानंतरचा प्रश्न असा : कोणाची मान शस्त्रक्रियेसाठी ताबडतोब उघडावी? या प्रश्नाच्या उत्तराला इतिहास आहे. फोगेलमन व स्टुअर्ट या अमेरिकन शल्यवैद्यांनी 1956 साली अशा 100 रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्यांच्यावर तातडीने शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण 6 टक्के होते; ज्यांच्या बाबतीत विलंब झाला त्यांच्यात ते 35 टक्के होते. त्यानंतर कित्येक वर्षे स्नायूचा वरचा पडदा ओलांडून गेलेली प्रत्येक जखम उघडून पाहण्याची प्रथा पडली. परंतु अशा पुष्कळ शस्त्रक्रियांत आत काहीच इजा आढळत नसे. 1969 साली मानेचे तीन विभाग कल्पिण्यात आले. स्वरयंत्राखालच्या कूर्चेपासून जबड्याच्या कोनापर्यंतचा मधला विभाग हाताशी असल्याने शल्यवैद्याला सोपा. गळ्याच्या हाडांमागे दडणारा खालचा विभाग आणि कवटीच्या तळाशी जाणारा वरचा विभाग हे दोन्ही अवघड.

आता निर्णय मुख्यतः लक्षणांवर घेतात. रक्त वाहत राहणे, मानेतील गाठ वाढत जाणे किंवा ठणठण उडणे, हात ठेवताच थरथर जाणवणे, रक्तदाब खचून उपचारांनीही न सावरणे, जखमेतून हवा येणे, शरीराची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काही असेल तर रुग्णाला विनाविलंब शस्त्रक्रियागृहात नेतात. रुग्ण स्थिर असेल, तर शिरेतून रंजकद्रव्य देऊन सी. टी. स्कॅन काढतात आणि रक्तवाहिन्यांचे चित्र पाहून पुढचे ठरवतात. त्यामुळे अनेकांची शस्त्रक्रिया टळते.

अन्ननलिकेची इजा मात्र कपटी असते. ती रक्ताने ओरडत नाही. गिळताना थोडे दुखते, थुंकीत रक्ताचा तंतू दिसतो, आणि एकदोन दिवसांनी छातीत विषार पसरून ताप चढतो. निदान एक दिवसाहून अधिक लांबले, तर जिवाचा धोका पुष्कळच वाढतो. म्हणून शंका असेल तेथवर रुग्णाला तोंडाने काहीही द्यावयाचे नसते. जखमी माणसाच्या तोंडी पाण्याचा घोट घालणे हा आपल्याकडे दयेचा पहिला आविष्कार मानला जातो. मानेच्या जखमेत ती दया अपाय करते. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते, अन्ननलिकेच्या छिद्रातून छातीत उतरू शकते आणि भूल देण्यातही अडचण आणते. ओठ ओल्या बोळ्याने पुसावेत, एवढेच.

आता मणक्यांकडे वळावयास हवे. मानेत सात मणके आहेत. श्वासपटलाला चालना देणारी मज्जा प्रामुख्याने मज्जारज्जूच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या ग्रीवा-पातळीतून निघते. त्याहून वर मज्जारज्जू पूर्ण चेंगरला, तर रुग्णाचा श्वास जागीच थांबतो. त्याच्या जरा खाली इजा झाली, तर श्वासपटल चालते पण बरगड्यांचे स्नायू निकामी होतात. पोट हलते, छाती हलत नाही. असा रुग्ण पहिले काही तास बरा दिसतो, नंतर थकतो आणि रात्री केव्हातरी त्याचा श्वास अपुरा पडू लागतो. म्हणूनच त्याला कोपऱ्यातील खाटेवर न ठेवता परिचारिकेच्या सतत नजरेसमोर ठेवतात.

त्याच्या रक्तदाबातही फसगत होते. रक्त गेलेल्या माणसाची नाडी जलद चालते आणि हातपाय गार पडतात. मज्जारज्जूच्या इजेत रक्तदाब खाली जातो, पण नाडी मंद असते आणि कातडी उबदार राहते. या दुसऱ्या प्रकारात नुसते द्रव ओतत राहिल्याने फुप्फुसे भरून येतात. रक्तवाहिन्यांना ताण देणारी औषधे द्यावी लागतात. तथापि अपघातग्रस्ताचा रक्तदाब खाली असेल, तर तो रक्तस्रावामुळेच आहे असे प्रथम गृहीत धरावे आणि तो नाही याची खात्री झाल्यावरच मज्जारज्जूकडे बोट दाखवावे, हा सावधपणाचा नियम आहे.

रुग्णाला कुशीवर वळवताना निदान चार माणसे लागतात. एक डोके धरतो आणि हुकूम तोच देतो. तिघे खांदे, कंबर व पाय सांभाळतात, आणि ओंडका वळवावा तसा सारा देह एकदम वळतो. गळपट्टा हे साधन उपयोगी खरे, परंतु ते सर्वांसाठी नाही. केवळ भोसकल्याच्या जखमेत तो जखम झाकतो, वाढती गाठ लपवतो आणि श्वासमार्गाचे काम अडवतो. म्हणून तेथे तो टाळतात. आपल्या कल्पित रुग्णाचा गळाही चिरला आहे आणि तो पडलाही आहे. अशा वेळी पट्ट्यापेक्षा माणसाचे दोन हात श्रेष्ठ. संधिवाताच्या एका प्रकारात ज्यांची पाठ व मान बाकासारखी वाकून ताठर झालेली असते, त्यांची मान ओढून सरळ करणे तर अत्यंत घातक. ती ज्या बाकात आहे त्याच बाकात उशा लावून तिला आधार द्यावा लागतो. आणि ज्या कठीण फळीवरून रुग्ण आणला, ती लवकर काढून घ्यावी लागते. संवेदना गेलेल्या कातडीवर काही तासांतही शय्याव्रण पडू लागतो.

पडलेल्या प्रत्येक माणसाचे चित्र काढावयाचे काय? अमेरिकेतील 21 रुग्णालयांनी 34,069 रुग्णांची पाहणी करून 2000 साली याचे उत्तर दिले. मानेच्या मध्यरेषेवर दाबल्यास दुखत नाही, रुग्ण पूर्ण सावध आहे, नशेत नाही, हातापायांत दुर्बलता वा बधिरता नाही आणि लक्ष वेधून घेणारी दुसरी वेदनादायक दुखापत नाही, या पाचही गोष्टी असतील तर चित्राची आवश्यकता नसते. त्या पाहणीत मणक्यांना इजा झालेले 818 रुग्ण होते. या कसोटीतून त्यांपैकी केवळ 8 निसटले. वृद्धांच्या बाबतीत मात्र अधिक सावध राहावे लागते. रुग्णालयात दुसऱ्याच आजारासाठी दाखल झालेले गृहस्थ रात्री खाटेवरून उतरताना तोंडावर पडतात, कपाळाला टेंगूळ येते आणि सर्वांचे लक्ष टेंगळाकडे जाते. सकाळी त्यांना पेला धरता येत नाही, पाय मात्र चालतात. मज्जारज्जूच्या मध्यभागाला झालेल्या या इजेचे वर्णन 1954 साली झाले. आजही ती पुष्कळदा ‘वयामुळे हात कापतात’ या समजुतीखाली झाकली जाते.

उपचारांत काळाचे महत्त्व आता निःसंशय ठरले आहे. 1933 साली क्रचफील्ड या अमेरिकन शल्यवैद्याने कवटीला चिमटे लावून वजनाने मान ताणण्याची पद्धत आणली आणि निखळलेले मणके जागेवर बसवता येऊ लागले. 1990 नंतर काही वर्षे स्टेरॉइडचे मोठे डोस देण्याची प्रथा होती. पुढे त्यांचे अपाय दिसून आल्यावर अमेरिकेतील मज्जाशल्यवैद्यांच्या संघटनांनी 2013 साली त्यांच्याविरुद्ध सल्ला दिला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 24 तासांच्या आत मज्जारज्जूवरील दाब दूर केलेल्यांपैकी 19.8 टक्के रुग्णांत सहा महिन्यांनी दोन पायऱ्यांची सुधारणा आढळली. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण 8.8 टक्के होते. पाचात एक आणि अकरात एक, एवढा हा फरक आहे. ज्या माणसाला स्वतःच्या हाताने घास घेता येईल की नाही याचा प्रश्न आहे, त्याला तो फरक लहान वाटणार नाही.

शस्त्रक्रियेनंतरची कहाणी शुश्रूषेची आहे. डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 साली इंग्लंडातील स्टोक मँडव्हिल येथे मज्जारज्जूच्या रुग्णांचा स्वतंत्र विभाग उघडला, तेव्हा असे रुग्ण बहुधा शय्याव्रणांनी आणि मूत्राशयाच्या विषाराने दगावत. दर दोन तासांनी कूस बदलणे आणि मूत्राशयाची काटेकोर स्वच्छता, एवढ्या साध्या शिस्तीने त्यांनी मृत्यू मागे हटवला. 29 जुलै 1948 रोजी, लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीतील रुग्णांचे क्रीडासामने भरवले. त्या परंपरेतूनच पुढे जन्मलेल्या जागतिक सामन्यांत, 1972 साली हायडेलबर्ग येथे, सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. ते 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झालेले सैनिक होते. पपायरसातील त्या वैद्याने ज्या प्रकारच्या रुग्णांची आशा सोडली होती, त्यांच्यासाठी मानवाने इतका मार्ग चालून दाखवला आहे.

परंतु हा सारा मार्ग रस्त्यावरच्या त्या पहिल्या क्षणी बंद होऊ शकतो. पडलेल्या माणसाला चारचौघांनी बखोटीला धरून उठवले, मान लोंबती ठेवून रिक्षात कोंबले, तर जो मज्जारज्जू केवळ दबला होता तो तेथेच चेंगरला जातो. म्हणून सामान्य नागरिकाने एवढेच करावे. जळत्या वाहनासारखा धोका नसेल तर जखमीला हलवू नये. डोके दोन्ही हातांनी धरून ठेवावे. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाने दाब द्यावा, पण गळ्याभोवती पट्टा आवळू नये. घुसलेली वस्तू उपटू नये. तोंडात पाणी घालू नये. जखमीला बेशुद्धीत श्वास घेता येत नसेल, तर डोके मागे न झुकवता केवळ खालचा जबडा पुढे उचलावा. आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मदत करणाराच कचाट्यात सापडतो, ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या 134 अ या कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिलेले आहे.

रुग्णालयात कुशल शल्यवैद्य असतील, यंत्रे असतील, रक्ताचा साठा असेल. पण त्यांच्या हाती पोहोचेपर्यंत जखमीची मान कोणातरी अनोळखी माणसाच्या हाती असते. ते हात स्थिर राहिले, तर पुढच्या सर्व विद्येला अर्थ येतो.